नंदलाल बोस यांची कार्ड-रेखाटने

शांतिनिकेतनच्या कलाभवनाचे प्रमुख नंदलाल बोस (१८८२–१९६६) यांनी पोस्टकार्डांवर आणि तेवढ्याच आकाराच्या कोऱ्या कार्डांवर वर्षानुवर्षे केलेली शाईची व पेन्सिलीची लहान चित्रे. वर्गासाठीचे रेखाटन वेगळे आणि स्वतःच्या चित्राचे वेगळे, अशी वाटणी बहुतेक कलाशिक्षक करतात. या कार्डांत ती सापडत नाही.

नंदलालांची रेषा दोन ठिकाणी घडली. १९१०च्या सुमारास इंग्रज चित्रकर्त्या लेडी हेरिंगहॅम यांच्याबरोबर अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करताना एकाच बाह्यरेषेत अंगाचा गोलावा कसा पकडायचा, ते त्यांनी पाहिले. पुढे कोलकात्याला आलेले जपानी चित्रकार अराई काम्पो यांच्याकडून कुंचला आणि काळी शाई हाताळणे आले.

फिरायला निघताना कार्डे सोबत असत. ताडाची झाडे, पावसाने चिरलेली लाल माती, संथाळ बायका, एखादी शेळी. समोर येईल ते चार-सहा फटकाऱ्यांत उतरे. यातली कितीतरी कार्डे टपालाने विद्यार्थ्यांना आणि स्नेह्यांना गेली, म्हणजे पत्रही तेच आणि पाठही तोच. झाड खालून वर वाढते, तेव्हा कुंचलाही बुंध्यापासून वर न्यावा, ही ‘मास्टरमोशाय’ची (म्हणजे गुरुजींची; नंदलालांना विद्यार्थी असेच म्हणत) शिकवण त्यांचे विद्यार्थी सत्यजित रे यांनी नोंदवली आहे. ती नुसती कविकल्पना नव्हे. कुंचला असा नेला की शाई बुंध्याशी गडद बसते आणि शेंड्याकडे कोरडी पडत जाते. छायाप्रकाश वेगळा भरावा लागत नाही. तासन्‌तास शेडिंग घोटणाऱ्या आपल्याकडच्या चित्रकलेच्या तासापेक्षा ही वाट बरीच वेगळी आहे.

या सवयीचे फळ १९३८च्या हरिपुरा काँग्रेस अधिवेशनात दिसले. गांधीजींच्या सांगण्यावरून नंदलालांनी आधी खेड्यातल्या माणसांची रेखाटने केली आणि त्यांवरून ढोलकरी, पिंजारी, सुतार अशी भित्तिपत्रे रंगवली. विद्यार्थ्यांनी केलेल्या प्रती धरून ती चारशेच्या आसपास भरली. नाव झाले ते भित्तिपत्रांचे. प्रस्तुत लेखकाला मात्र कार्डे अधिक मोलाची वाटतात, कारण तिथे सजावटीचा आधार नाही.

या पद्धतीला एक खोटही होती. गुरूची रेषा इतकी लोभस, की अनेक शिष्य तिचीच नक्कल करत राहिले. बिनोदबिहारी मुखर्जी आणि रामकिंकर बैज यांनी मात्र स्वतःची वाट काढली. महाराष्ट्रातून गेलेले विनायक मासोजी कलाभवनात शिकले आणि पुढे तिथेच शिकवू लागले.

नंदलालांच्या चित्रांचा मोठा संग्रह दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात आहे. कार्ड चौकटीत बसवले की अर्थातच त्याची एकच बाजू दिसते. पत्त्याची आणि मजकुराची बाजू भिंतीकडे जाते.