जुनं घर, नवा संसार: काम काढण्याआधी एवढं वाचा

नागपुरात महाल, इतवारी, बर्डी, धंतोली इथल्या जुन्या घरांची कामं आम्ही करतो. घर दाखवताना बहुतेक जण आधी हेच विचारतात, "सगळं पाडूनच टाकावं का हो?" कधी खरंच इलाज नसतो; तसं असलं तर आम्ही स्पष्ट सांगतो. पण बरेचदा दुखणं वेगळंच निघतं. न्हाणीघर परसात, स्वयंपाकघरात दिवसाही लाइट लावावा लागतो, प्लग पुरत नाहीत, आजींना जिना चढवत नाही. एवढ्यासाठी दीड फुटाच्या भिंती आणि सागवानी तुळया घालवू नका.

मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो तेव्हा या भिंतींचं मोल कळतं. दुपारचं ऊन त्यांच्यातून आत झिरपायला कित्येक तास लागतात, आणि तोवर संध्याकाळ झालेली असते. रात्री घरातली गरम हवा अंगणातून वर निघून जाते. म्हणून अंगणावर पत्रा टाकून हॉल वाढवायला आम्ही सहसा तयार होत नाही. कबुतरांचा त्रास असेल तर वर जाळी लावून देऊ. कुलरलाही अंगण लागतंच: आत आलेली हवा बाहेर पडायला वाट नसेल, तर खोली नुसती दमट होते. कुलर मात्र जुन्या खिडकीच्या चौकटीत अडकवू नका. खालून ठिबकणारं पाणी दोन-तीन उन्हाळ्यांत सागवानही कुजवतं. बाहेर लोखंडी स्टँड करा, चौकट कोरडी ठेवा.

आता चुन्याबद्दल, कारण सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं. या भिंती विटा आणि चुन्याच्या आहेत. त्या जमिनीतली ओल थोडी ओढतात आणि पृष्ठभागावरून सोडून देतात. वरून सिमेंटचा गिलावा आणि ऑइल पेंट चढवला की ती ओल आतच अडकते. सुरुवातीच्या काळात महालातल्या एका घरात आम्हीच ही चूक केली. घरमालकांना गुळगुळीत भिंत हवी होती, आम्ही सिमेंट मारलं. पुढच्या पावसाळ्यात कमरेच्या उंचीपर्यंत पोपडे आले, आतली वीट पांढऱ्या क्षाराने भुसभुशीत झाली. तो गिलावा आमच्या खर्चाने खरवडला आणि चुन्याचा केला. तेव्हापासून चुन्याच्या भिंतीला चुनाच. त्याला वेळ लागतो, कारण चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत सावकाश कडक होतो. दोन थरांमध्ये आम्ही थांबतो, तेव्हा कृपया घाई करू नका.

तुळया वरून काळ्या पडल्या म्हणून बाद होत नाहीत. हातोडीच्या दांड्याने ठोकल्यावर खणखणीत आवाज आला तर लाकूड जिवंत आहे; बद्द आवाज आला तर आम्ही दाभण टोचून बघतो. कुजकेपणा बहुधा भिंतीत रुतलेल्या टोकाला असतो, कारण तिथे हवा लागत नाही. तेवढं टोक कापून नवा सागवान बोल्टने जोडता येतो, अख्खी तुळई बदलायची गरज नसते. कवेलू (छपराची कौलं) फेरण्याचं काम मात्र मृग लागायच्या आत उरकायलाच हवं.

भिंतीला तडा असेल तर घाबरून जाऊ नका, पण लिंपून लपवूही नका. आपल्याकडची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि पाया तिच्याबरोबर हलतो. तड्यावर काचेची पातळ पट्टी आडवी चिकटवून शेजारी तारीख लिहा. एक पावसाळा आणि एक उन्हाळा काढूनही काच शाबूत राहिली, तर तडा जुना आणि थांबलेला आहे. काच फुटली, तर आधी पायाजवळचं पाणी बाहेर काढायचं, मग भिंतीचं बघायचं.

नवं बाथरूम लाकडी माडीवर घेऊ नका. मागच्या बाजूला वेगळ्या कॉलमवर घ्या, म्हणजे ओल आणि वजन दोन्ही जुन्या घराबाहेर राहतात. १००० लिटरची टाकी भरली की १ टन होते, तीही तिथेच बसवा. आजी-आजोबांसाठी तळमजल्यावर, झोपायच्या खोलीला लागून टॉयलेट काढता येतं. स्वयंपाकघराची भिंत बहुधा वरचा भार पेलत असते. ती पूर्ण पाडण्याऐवजी टेकू देऊन, गर्डर टाकून रुंद झरोका काढला तर उजेडही येतो आणि पोळ्या लाटता लाटता माजघरातल्या मुलांचा अभ्यासही दिसतो.

वायरिंग सगळं नवं, त्यात काटकसर नाही. एसीला वेगळी लाइन, अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच) हवाच. भिंत कोरण्यापेक्षा पाइप वरून नेणं आम्हाला बरं वाटतं.

घर वारसा यादीत असेल तर हेरिटेज संवर्धन समितीची मंजुरी लागते. रचनेत बदल असेल तर महानगरपालिका किंवा नागपूर सुधार प्रन्यास, ज्यांच्या हद्दीत घर येतं त्यांच्याकडे नकाशा द्यावा लागतो. ते कागद आम्ही तयार करून देतो.

पहिल्या भेटीला आम्ही येऊ तेव्हा घरातल्या सर्वांत वडील माणसाला थांबायला सांगा. कुठल्या पावसाळ्यात पाणी कुठून आलं, विहीर कुठे बुजवली, कोणतं दार नंतर काढलं, हे आमच्या टेपपेक्षा त्यांना जास्त ठाऊक असतं.