तांबड्या खड्यांचा माग

लंडन, पॅरिस किंवा म्युनिकच्या लिलावांच्या कॅटलॉगांत एक वस्तू मधूनमधून दिसते. नाण्यापेक्षा थोडी मोठी गोल चकती, मागे कपड्यात अडकवायची पिन, आणि पुढे सोन्याच्या बारीक भिंतींच्या कोंदणात बसवलेले गडद लाल, चपटे खडे. सोबतचे वर्णन त्रोटक असते: फ्रँकिश ब्रोच, सहावे शतक, जुन्या खासगी संग्रहातून. पश्चिमेकडचे रोमन साम्राज्य कोसळल्यावर आजच्या फ्रान्स, जर्मनी, इटली आणि इंग्लंडच्या भूमीवर फ्रँक, गॉथ, अँग्लो-सॅक्सन अशा लोकांची राज्ये उभी राहिली. त्यांच्या राजघराण्यांत आणि सरदारघराण्यांत हे दागिने वापरात होते. त्यांतले लाल खडे माणिक नाहीत, ते गार्नेट आहेत. नवरत्नांतला गोमेदही त्याच कुटुंबातला. युरोपातल्या पाचव्या-सहाव्या शतकांतल्या दागिन्यांमधले बहुसंख्य गार्नेट भारत आणि श्रीलंकेतून तिकडे गेलेले होते.

हे एखाद्या जुन्या पोथीत लिहिलेले सापडले म्हणून कळलेले नाही. ते खुद्द खड्यांनीच सांगितले आहे.

गार्नेट हे एकच ठरीव खनिज नव्हे. अ‍ॅल्युमिनियम, सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांचा सांगाडा सारखा असतो, पण त्यातल्या काही जागा कुठे लोह घेते, कुठे मॅग्नेशियम, कुठे मँगनीज किंवा कॅल्शियम. लोह जास्त असेल तर त्याला अल्मंडाइन म्हणतात, मॅग्नेशियम जास्त असेल तर पायरोप. कोणत्या खडकात, किती तापमानाला आणि किती दाबाखाली स्फटिक वाढला यावर हे प्रमाण ठरते. त्यात क्रोमियम, इट्रियमसारखी मूलद्रव्ये अत्यल्प प्रमाणात मिसळलेली असतात. ही सगळी गोळाबेरीज म्हणजे त्या खाणीची सहीच.

ती सही वाचायची तर खड्याला ओरखडाही उठता कामा नये, कारण वस्तू संग्रहालयातली असते. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयाच्या तळघरात खास कलावस्तूंच्या तपासणीसाठी ‘अग्ले’ नावाचा कण-त्वरक बसवलेला आहे. त्यातून निघालेला प्रोटॉनांचा झोत खड्यावर सोडला की अणूच्या आतल्या कवचातला एखादा इलेक्ट्रॉन उडतो. त्याची जागा बाहेरच्या कवचातला इलेक्ट्रॉन घेतो आणि उरलेली ऊर्जा क्ष-किरणाच्या रूपाने बाहेर पडते. प्रत्येक मूलद्रव्याच्या क्ष-किरणांची ऊर्जा ठरलेली असते, त्यामुळे खड्यात काय आहे आणि किती आहे हे त्याला धक्का न लावता मोजता येते. थॉमा कालिगारो आणि पात्रिक पेरँ या संशोधकांनी या पद्धतीने मेरोव्हिंजियन, म्हणजे फ्रँकांच्या पहिल्या राजघराण्याच्या, काळातले असंख्य खडे तपासले, तेव्हा ते मोजक्या गटांत विभागले गेले. अल्मंडाइनचे दोन मोठे गट भारताकडे बोट दाखवतात. तिसरा, लोह आणि मॅग्नेशियमच्या मधला, श्रीलंकेकडे. उरलेले पायरोप खुद्द युरोपातले, त्यांतला महत्त्वाचा गट बोहेमियातला, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकातला.

भारतातली नेमकी खाण शोधणे याहून अवघड. पुदुच्चेरीजवळच्या अरिकमेडू या प्राचीन बंदरात गार्नेटचे मणी घडवले जात. तिथले खडे तेलंगणातल्या गरीबपेटच्या गार्नेटशी जुळतात, हे 2017मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसले. ते करणाऱ्या चमूत कालिगारो आणि पेरँ होते, तशा पुण्याच्या एक रत्नतज्ज्ञही होत्या. दोन्हीकडच्या खड्यांत सिलिमनाइट या खनिजाच्या केसासारख्या बारीक सुया अडकलेल्या आहेत. सराफ ज्याला खड्यातला दोष म्हणेल, तोच इथे पुरावा ठरला.

सहाव्या शतकातला व्यापारी कॉस्मस याने हिंदी महासागरातल्या बंदरांची यादी दिली आहे. ‘कॅबर’ या बंदरातून लाल रत्न निर्यात होते असे तो नोंदवतो, आणि हे कॅबर म्हणजे कावेरीच्या मुखाजवळचे कावेरीपट्टिनम असे मानतात. त्याच यादीत ‘कल्लियाना’ येते, म्हणजे आपले कल्याण. तिथून धातू, लाकूड आणि कापड जाई असे तो लिहितो.

तिकडच्या कारागिरांनी या खड्याचे काय केले ते पाहण्यासारखे आहे. अल्मंडाइन जाड असेल तर जवळजवळ काळा दिसतो. म्हणून त्याच्या काचेच्या तुकड्यासारख्या पातळ चकत्या करून, त्या हव्या त्या आकारात घासून, सोन्याच्या घरांत बसवत. चकतीखाली सोन्याचा अतिशय पातळ पत्रा असे, आणि त्या पत्र्यावर सूक्ष्म चौकडी उठवलेली असे. प्रकाश खड्यातून आत जातो, चौकडीवर आपटून अनेक दिशांनी परततो आणि लाल रंग आतून पेटल्यासारखा दिसतो. इंग्लंडमधल्या सटन हू इथे 1939 साली सापडलेल्या राजेशाही दफनातल्या दागिन्यांत असे 4000हून अधिक गार्नेट आहेत. ब्रिटिश म्युझियममध्ये त्यांच्यासमोर उभे राहण्याची संधी मिळाली तर खांद्यावरच्या बिजागरीच्या जोडीपाशी थांबा. इतके नेमके जडावकाम जगात फार कमी ठिकाणी झाले असेल.

सहावे शतक संपता संपता भारतीय खडे युरोपात कमी होऊ लागले. येमेनवर इराणचा ताबा, तांबड्या समुद्रातली युद्धे, बदललेली आवड अशी कारणे अभ्यासक देतात. त्यांची जागा घेणारे बोहेमियाचे पायरोप बहुधा काही मिलिमीटरांचेच असतात. म्हणूनच सातव्या शतकातल्या पुष्कळ फ्रँकिश चकत्यांवर सलग लाल जमीन दिसत नाही. मोजके लहान खडे दूरदूर बसवलेले असतात आणि मधली जागा सोन्याच्या तारकामाने भरलेली असते. कॅटलॉगमधल्या फोटोवरूनही हा फरक ओळखता येतो.

आता खरे-खोटे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मध्ययुगीन वस्तूंना श्रीमंत गिऱ्हाईक मिळू लागले आणि बनावट मालाचे कारखानेच निघाले. लुई मार्सी या नावाने व्यवहार करणाऱ्या लुइजी पार्मेज्जानीने विकलेल्या पेट्या आणि मिनाकामाच्या वस्तू मोठमोठ्या संग्रहालयांत जाऊन बसल्या होत्या. अशा वस्तू पकडायला सूक्ष्मदर्शक पुष्कळदा पुरतो. भोकांच्या पोलादी पट्टीतून ओढलेल्या तारेवर लांबीच्या दिशेने सरळ रेघा उमटतात. पट्टी पिळून आणि लाटून केलेल्या जुन्या तारेवर मळसूत्रासारखी फिरणारी शिवण दिसते. डाखात कॅडमियम सापडले तर तो जोड अलीकडचा. मिन्यात क्रोमियमचा हिरवा रंग असेल तर तो मिना एकोणिसाव्या शतकाआधीचा असणे कठीण, कारण क्रोमियमचा शोधच 1797मधला.

एका उपकरणावर मात्र डोळे झाकून विसंबू नये. आपल्या सराफाकडे असते तसे क्ष-किरणांनी कस सांगणारे यंत्र लिलावाआधीच्या तपासणीतही वापरतात. ते पाहते फक्त वरचा थर. इंग्लंडमध्ये 2009 साली सापडलेल्या स्टॅफर्डशर खजिन्यात सुमारे 4 किलो सोने होते. त्याच्या अभ्यासात दिसले की कारागिरांनी अनेक वस्तूंच्या पृष्ठभागावरच्या सोन्यात मिसळलेली चांदी मुद्दाम काढून टाकली होती, त्यामुळे वरचे सोने आतल्यापेक्षा उंची कसाचे झाले होते. चौदाशे वर्षांपूर्वीच्या सोनारांनी एकाच दागिन्यावर दोन छटांच्या सोन्याचा खेळ मांडला होता.

इतके सगळे कळूनही प्रयोगशाळेला एक गोष्ट सांगता येत नाही: ही वस्तू कुठून निघाली आणि तिच्या शेजारी काय होते. माझ्या मते लिलावातल्या वस्तूंबद्दलचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न तोच आहे.

बेल्जियममधल्या तुर्ने इथे 1653 साली बांधकामाचा पाया खोदताना फ्रँक राजा पहिला चिल्डेरिक याची कबर लागली. त्याच्या नावाची मुद्रांकित अंगठी, गार्नेट जडवलेली तलवार आणि पंखांत गार्नेट असलेल्या सुमारे 300 सोन्याच्या मधमाश्या त्यात होत्या. शिफ्ले या वैद्याने दोनच वर्षांत त्या साऱ्यांची चित्रे आणि वर्णने छापली. पुढे 1831 साली पॅरिसच्या राजेशाही ग्रंथालयातून खजिना चोरीला गेला, सोने वितळवले गेले आणि मधमाश्या उरल्या दोन. तरीही अंगठीवरचे नाव आणि राजाच्या मृत्यूचा काळ, इसवी सन 481-482, हाती असल्यामुळे त्या काळातल्या गार्नेटच्या कामाची कालगणना आजही या नष्ट झालेल्या वस्तूंना धरून चालते. उलट कॅटलॉगमधला अखंड, चकचकीत ब्रोच कोणाचा, कुठला, हे काहीच सांगू शकत नाही.

सान मारिनोमधल्या दोमान्यानो इथे 1893 साली सापडलेल्या ऑस्ट्रोगॉथिक (पूर्वेकडच्या गॉथांच्या) दागिन्यांचीही अशीच दैना झाली. दलालांमार्फत ते विखुरले. गरुडाच्या आकाराच्या दोन ब्रोचांची जोडी होती, त्यांतला एक आज न्यूरेम्बर्गला आहे आणि दुसरा अबू धाबीत. मूळ ठेव नेमकी कशी होती, कबर एक की अनेक, हे आता जुळवत बसावे लागते.

याउलट इंग्लंडच्या नॉरफोकमधल्या विनफार्दिंगचे उदाहरण. 2014 साली धातुशोधक घेऊन फिरणाऱ्या एका तरुणाला काशाचे भांडे लागले. त्याने खोदणे थांबवले आणि पुरातत्त्वज्ञांना बोलावले. रीतसर उत्खननात एका स्त्रीची कबर उघडली, त्यात गार्नेटचे अप्रतिम पदक होते आणि फ्रँक राजा तिसरा सिगेबर्ट याच्या नाण्यांची लटकनेही होती. त्या नाण्यांमुळे कबरीचा काळ सातव्या शतकाच्या मध्यानंतरचा ठरला. इंग्लंडच्या 1996च्या खजिना कायद्यानुसार असा शोध 14 दिवसांत कळवावा लागतो. वस्तू घेण्याचा पहिला हक्क संग्रहालयाचा, आणि मोबदला समितीने ठरवलेल्या किमतीनुसार. या पदकाची किंमत 1,45,000 पौंड ठरली आणि ते नॉरिचच्या संग्रहालयात गेले.

बाजारही कागदाची किंमत ओळखतो. रोबेर्ट फॉन हिर्श यांचा संग्रह 1978 साली लंडनला सदबीज या लिलावघराकडे विक्रीस निघाला. त्यात बाराव्या शतकातले मिनाकामाचे एक छोटे गोल पदक होते. बर्लिनच्या संग्रहालयासाठी ते 10 लाख पौंडांहून अधिक बोलीला घेतले गेले. बेल्जियममधल्या स्टाव्हलो मठातल्या ज्या भव्य वेदीपटलाचा (वेदीमागच्या सजवलेल्या फलकाचा) ते भाग होते ते केव्हाच नष्ट झाले, पण 1661 साली काढलेले त्याचे रेखाचित्र टिकून आहे. हे पदक मूळ कुठे बसवले होते ते त्यात दिसते.

म्हणून परदेशी राहणाऱ्या, या वस्तूंची ओढ असलेल्या मराठी वाचकांना माझे सांगणे असे: सोन्याच्या निनावी ब्रोचपेक्षा, ज्याच्यासोबत जुन्या उत्खननाची चिठ्ठी, गावाचे नाव आणि सांस्कृतिक वस्तूंचा बेकायदा व्यापार रोखणाऱ्या युनेस्कोच्या 1970च्या कराराआधीची खरेदी-पावती आहे, असे काशाचे साधे बक्कल घ्यावे. ‘जुन्या खासगी संग्रहातून’ एवढेच लिहिले असेल तर लिलावघराला संग्राहकाचे नाव, साल आणि कागद लेखी मागावेत, आणि ते मिळेपर्यंत बोली लावू नये.