काल राहिलेली गोळी आज डबल घ्यायची का?

"काल रात्रीची राहिली ना, मग आज दोन घेऊन टाका" हा सल्ला घरोघरी दिला जातो, तोही अगदी काळजीपोटी. आणि "एक दिवस नाही घेतली तर काय बिघडतंय" म्हणणारेही असतातच. औषध कुठलं आहे ते न बघता यातलं काहीही बोलणं चुकीचं आहे, कारण प्रत्येक गोळी शरीरातून आपापल्या वेगाने बाहेर पडते. हा वेग समजला की घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या औषधांकडे बघायची नजरच बदलते, म्हणून आज त्यावरच लिहितो.

शाळेत किरणोत्साराच्या धड्यात अर्धायुकाल शिकलो होतो, तोच इथे लागू होतो. रक्तातलं औषध निम्मं व्हायला लागणारा वेळ म्हणजे त्याचा अर्धायुकाल. बीपीसाठी खूप जणांना चालू असलेली अ‍ॅमलोडिपिन घ्या, तिचा अर्धायुकाल ३० ते ५० तास असतो. आपण ४० धरू, आणि सोयीसाठी ५ मिलिग्रॅमची गोळी पूर्ण रक्तात उतरते असंही धरू. २४ तासांनी त्यातलं ६६ टक्के शिल्लक असतं, म्हणजे ३.३. त्यात दुसऱ्या दिवशी ५ ची भर पडली की ८.३, त्याचे पुन्हा ६६ टक्के अधिक ५, असं करत करत साधारण आठ-दहा दिवसांत गाडी एका जागी स्थिरावते: गोळी घेतल्यावर अंगात सुमारे १४.७ आणि पुढच्या गोळीच्या आधी ९.७. रोज जेवढं येतं तेवढंच बाहेर जातं. आता एक दिवस गोळी चुकली तर ४८ तासांनी ६.४ उरतं, म्हणजे साठा कमी झाला पण संपला नाही, नेहमीची एक गोळी घेत राहिलं की काही दिवसांत गाडी मूळ पदावर येते. डबल घ्यायची गरजच नाही. थायरॉइडची गोळी तर याहून संथ, तिचा अर्धायुकाल सुमारे ७ दिवस, एक दिवस चुकल्याने साठा दहा टक्क्यांच्या आसपास घटतो.

आता शुगरची ग्लिमेपिराइड बघा. अर्धायुकाल ५ ते ८ तास, ६ धरला तर २४ तासांत चार वेळा निम्मं, म्हणजे सोळावा हिस्सा उरला. मागचा साठा जवळजवळ नाहीच. अशा वेळी दोन गोळ्या एकदम घेतल्या तर औषधाची पातळी नेहमीच्या दुप्पट चढते. कालचं जेवण काल पचून गेलं, आजच्या एका जेवणावर दोन गोळ्यांचा मारा, आणि साखर धाडकन खाली. म्हणजे जी गोळी लवकर निघून जाते तिचाच डबल डोस जास्त झटका देतो. पार्किन्सनच्या लेव्होडोपाचा अर्धायुकाल दीडेक तास असतो, तिथे तासभर उशीर झाला तरी पेशंटचे पाय जागेवरून हलत नाहीत, त्या घरात घड्याळ काटेकोर पाळावंच लागतं.

पण नुसत्या अर्धायुकालावरही जाऊ नका. अ‍ॅस्पिरिन रक्तातून अर्ध्या तासाच्या आत निम्मी होते, तरी रोज एकच गोळी पुरते, कारण ती प्लेटलेटमधलं (रक्ताची गुठळी करणाऱ्या पेशींमधलं) एन्झाइम कायमचं निकामी करते आणि प्लेटलेट ७ ते १० दिवस जगते.

वयाचा मुद्दा इथेच येतो. बरीच औषधं किडनीवाटे बाहेर पडतात आणि किडनीचं काम वयानुसार मंदावतं. किडनीचं काम बघायला रक्तातलं क्रिएटिनिन मोजतात. त्यात अडचण अशी की हे क्रिएटिनिन तयार होतं स्नायूंत, म्हातारपणी स्नायूच कमी झालेले, त्यामुळे किडनी मंदावलेली असूनही रिपोर्टमध्ये आकडा नॉर्मल दिसू शकतो. हृदयाच्या डिगॉक्सिनसारख्या औषधाचा दीड-दोन दिवसांचा अर्धायुकाल अशा माणसात आणखी लांबतो, आणि तिथे "विसरलो वाटतं, घेऊन टाकतो" हे महागात पडतं.

मग विसरणं कमी कसं करायचं? गाइल्स आइन्स्टाइन आणि मार्क मॅकडॅनियल या मानसशास्त्रज्ञांनी १९९० मध्ये दाखवलं की एखादी खूण दिसली की काम करायचं, असं ठरवलेलं असेल तर त्या प्रयोगातले वयस्कर लोक तरुणांइतकेच नीट लक्षात ठेवत होते. घड्याळ बघून आपणहून आठवणं मात्र वयाबरोबर जास्त अवघड जातं. म्हणून "सकाळी नऊची गोळी" म्हणण्यापेक्षा "चहाचा कप खाली ठेवला की गोळी" हे जास्त टिकतं. सोम-मंगळ लिहिलेला कप्प्यांचा डबा याच्या जोडीला हवाच, कारण घेतली की नाही ही शंका रिकामा कप्पा बघून लगेच मिटते.

डबा भरताना स्ट्रिपकडे नीट बघा. मेडिकलवाला दहाची पट्टी कापून सहा गोळ्या देतो आणि बरेचदा नाव किंवा एक्स्पायरी कापलेल्या बाजूला राहते. माझी आई गोळी रंगावरून ओळखते, "ती गुलाबी बीपीची". पुढच्या महिन्यात कंपनी बदलली आणि तीच गोळी पांढरी आली की गुलाबी शोधत बसते किंवा जुनी उरलेली गुलाबी आणि नवी पांढरी दोन्ही घेते, औषध एकच. म्हणून कागदावर रंग नको, औषधाचं मूळ नाव मोठ्या अक्षरात लिहा.

आणि ते फॉरवर्ड, "लसणाच्या पाकळीने पंधरा दिवसांत बीपीची गोळी कायमची बंद", कृपा करून आजी-आजोबांच्या ग्रुपवर टाकू नका. बीपी नॉर्मल आलंय ते बहुतेकदा गोळीमुळेच, आणि मेटोप्रोलॉलसारखी गोळी एकदम थांबवली तर छातीत दुखणं उलट वाढू शकतं. उपासाचंही तेच. संकष्टीला चंद्रोदयापर्यंत पोटात काही नाही आणि सकाळी सवयीने ग्लिमेपिराइड घेतलेली, मग दुपारी घाम, थरथर, बडबड सुरू होते आणि घरचे म्हणतात उपासाने अशक्तपणा आला. आधी साखर तपासा, आणि उपासाच्या दिवशी कुठली गोळी घ्यायची ते डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा.

पुढच्या व्हिजिटला प्रिस्क्रिप्शनवर प्रत्येक गोळीसमोर एक गोष्ट लिहून मागा: चुकली तर काय करायचं. सांधेदुखीसाठी मेथोट्रेक्सेट चालू असेल तर वारही लिहून घ्या, कारण त्या आजारात ती आठवड्यातून एकदाच घ्यायची असते आणि चुकून रोज घेतली गेली तर अस्थिमज्जेवर (हाडांच्या आत रक्तपेशी तयार होतात त्या भागावर) घातक परिणाम होतो. डब्यात ती त्या एकाच वाराच्या कप्प्यात जायला हवी आणि उरलेली स्ट्रिप रोजच्या औषधांपासून लांब.