ट्रकमागची फांदी

मुंबईहून नाशिककडे रात्री निघालात की कसाऱ्याच्या अलीकडे, किंवा साताऱ्याच्या वाटेवर खंबाटकी ओलांडली की, रस्त्याच्या कडेला ट्रक उभे दिसतात. दिवे विझलेले, केबिनच्या काचेला आतून लुंगी नाहीतर टॉवेल लावलेला. आणि मागच्या चाकांपासून दहा-पंधरा पावलांवर डांबरावर टाकलेली एक हिरवी फांदी, जोडीला दोन-तीन दगड. त्या फांदीचा अर्थ एवढाच की इथे गाडी उभी आहे, आत माणूस झोपलाय, जपून या. सकाळी ट्रक निघून जातो, फांदीही उडून जाते. दगड मात्र तिथेच राहतात आणि पुढे एखाद्या दुचाकीवाल्याला भोवतात, तो भाग वेगळा.

या फांदीचं गणित करून बघण्यासारखं आहे. ताशी ८० किलोमीटरने येणारी मोटार सेकंदाला २२ मीटर कापते. समोर काहीतरी आहे हे कळून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद धरला तरी ३३ मीटर संपले. कोरड्या रस्त्यावर ब्रेक चांगले लागले तरी थांबायला आणखी ३५-४० मीटर लागतात. म्हणजे एकूण ७० मीटर. डिपरच्या झोतात काळपट, न चमकणारी वस्तू नीट दिसते ती साधारण ४० ते ६० मीटरवरून. हिशेब फांदीच्या विरोधात जातो, आणि पावसात तर आणखीच.

त्यात डोळ्यांचीही एक अडचण असते. पुढचा ट्रक चालतोय की उभा आहे, हे आपण त्याचा आकार किती वेगाने मोठा होतोय त्यावरून ओळखतो. लांब असताना ही वाढ इतकी संथ असते की मेंदूला ती जाणवतच नाही, आणि शेवटच्या दोन-तीन सेकंदांत आकार एकदम अंगावर येतो. हमरस्त्यावर सगळेच पुढे चाललेत असं आपण गृहीत धरलेलं असतं, त्यामुळे उभा ट्रकही चालता वाटतो.

मग चालक अशा जागी थांबतो कशाला? बेफिकिरी, असं म्हणून मोकळं होणं सोपं आहे. पण झोप आली म्हणून तो थांबला, हे तर त्याने बरोबरच केलं. चुकली ती जागा. आणि जागा निवडायला त्याच्यापुढे फारसं काही नव्हतं.

झोपेचं ओझं दोन बाजूंनी वाढतं. जागेपणी मेंदूत अ‍ॅडेनोसिन नावाचं रसायन साठत जातं. जितके तास जागे, तितका साठा जास्त, आणि तो उतरवायला झोपेखेरीज मार्ग नाही. दुसरी बाजू शरीरातल्या घड्याळाची. पहाटे २ ते ५ च्या सुमारास शरीराचं तापमान सर्वांत खाली जातं, त्याबरोबर सावधपणाही. दुपारी जेवणानंतर अशीच एक लहानशी उतरण येते. ती नुसत्या जेवणामुळे नसते, न जेवणाऱ्यालाही येते. संध्याकाळी माल भरून निघालेला चालक पहाटे ४ ला गाडी हाकत असतो, तेव्हा साठलेलं अ‍ॅडेनोसिन आणि उतरलेलं घड्याळ एकाच वेळी त्याच्या मानगुटीवर बसलेलं असतं. मग मेंदू परवानगी न विचारता दोन-चार सेकंद बंद पडतो. डोळे कधीकधी उघडेच असतात. ताशी ८० ने चार सेकंद म्हणजे जवळजवळ ९० मीटर गाडी कुणीही चालवत नसतं.

यावरचे घरगुती इलाज सगळ्यांना ठाऊक आहेत. काच खाली करायची, तोंडावर पाणी मारायचं, गाणी मोठ्याने लावायची, तंबाखूची गोळी धरायची. ब्रिटनमधल्या लफबरो विद्यापीठात हॉर्न आणि रेनर या संशोधकांनी १९९० च्या दशकात यातले काही उपाय मोटारीच्या सिम्युलेटरवर तपासले. गार वारा आणि रेडिओ यांचा उपयोग फार तर थोडा वेळ होतो, असं त्यांना दिसलं. ज्याने खरोखर फरक पडला ते दोन उपाय म्हणजे कॅफिन आणि १५ मिनिटांच्या आतली डुलकी. दोन्ही मिळून तर उत्तमच. कॅफिन अ‍ॅडेनोसिनची जागा अडवून बसतं, पण रक्तातून मेंदूत पोचायला त्याला वीस-तीस मिनिटं लागतात. म्हणून चहा पिऊन तिथेच आडवं व्हायचं. उठताना चहा कामाला लागलेला असतो. मात्र आपल्या टपरीवरच्या एका कटिंगमध्ये त्या प्रयोगांत दिलेल्या कॅफिनच्या जवळपासही नसतं. चहाने झोप उडाल्यासारखी वाटते ती बरीचशी गाडीतून खाली उतरल्यामुळे.

डुलकी ही उधारी आहे, मुद्दल रात्रभराच्या झोपेनेच फिटतं. सलग १७ तास जागं राहिलेल्या माणसाच्या हालचाली रक्तात दर १०० मिलिलिटरला ५० मिलिग्रॅम मद्यार्क असलेल्या माणसासारख्या ढिल्या पडतात, हे ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी १९९७ मध्ये दाखवलं. आपल्या कायद्यातली मर्यादा ३० मिलिग्रॅमची आहे. दारूसाठी नाक्यावर फुंकायला लावता येतं; जागरण फुंकून कळत नाही. आणि ते ज्याचं त्यालाही कळत नाही, हे सर्वांत वाईट. २००३ मध्ये अमेरिकेत झालेल्या एका प्रयोगात दोन आठवडे रोज सहा तासच झोपू दिलेल्या माणसांची कामगिरी रात्र-रात्र जागलेल्यांइतकी घसरली होती, पण त्यांना विचारलं तर ‘थोडीशी झोप येते, बाकी ठीक’. ‘मला सवय आहे’ म्हणणारा चालक खोटं बोलत नसतो. त्याचं मोजमाप करणारा मेंदूच पेंगुळलेला असतो.

कायदा आपल्याकडे फार आधीपासून आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये नवी श्रमसंहिता येईपर्यंत लागू असलेल्या १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यात दिवसाला ८ तास काम आणि पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती सांगितलेली होती. लांब पल्ल्यासाठी थोडी सूट होती. युरोपात साडेचार तास गाडी चालवली की ४५ मिनिटांचा विराम सक्तीचा असतो, आणि ट्रकमधलं टॅकोग्राफ यंत्र त्याची नोंद ठेवतं. पण नियम कितीही कडक केला तरी अर्धा तास थांबायचं कुठे, हा प्रश्न उरतोच.

त्याची उत्तरं आता बांधली जाऊ लागली आहेत. राष्ट्रीय महामार्गांवर दर ४० ते ६० किलोमीटरला सुविधा केंद्र असावं, असं सरकारी धोरण आहे. सरकारी तेल कंपन्यांच्या काही पेट्रोल पंपांवर ‘अपना घर’ नावाची चालकांसाठी निवासाची सोय आहे. तिथे खाटा, न्हाणीघर, स्वतःचा स्वयंपाक करायला जागा असते. हे चांगलंच आहे. तरी महामार्गावरच्या नव्या झगमगीत थांब्यांचे आराखडे पाहिले की वाटतं, ते मोटारीतून कुटुंबासह जाणाऱ्या गिऱ्हाईकासाठी काढलेत आणि ट्रकला उरलेला कोपरा दिलाय. त्यांच्या मध्यभागी जेवण असतं. ट्रकचालकाच्या थांब्याच्या मध्यभागी झोप हवी, आणि झोपेच्या अटी जेवणापेक्षा फार वेगळ्या असतात.

पहिली अट भीती नसण्याची. २०१६ मध्ये ब्राउन विद्यापीठातल्या संशोधकांनी अनोळखी जागी पहिल्या रात्री झोपलेल्या माणसांचे मेंदू तपासले. गाढ झोपेतही डावा अर्धा भाग उजव्यापेक्षा हलका झोपला होता आणि बारीकशा आवाजाला लगेच जागा होत होता, जणू घरातलं एक माणूस पहाऱ्यावर. ट्रकचालकाला तर जवळजवळ रोजची रात्र पहिलीच. त्यात टाकीतलं डिझेल काढलं जाईल, ताडपत्री कापून माल उतरवला जाईल, ही धास्ती. भरपाई बऱ्याचदा त्याच्याच पगारातून. मग स्वच्छ चादरीची खाट शंभर पावलांवर असली तरी तो केबिनमध्येच मुटकुळं करून पडतो. गाडी सोडून कुठं जाणार?

हे कोडं आपल्या जुन्या लोकांनी सोडवलं होतं. अजिंठ्याच्या पायथ्याशी फर्दापूरला मुघलकाळातली सराई आहे. चारी बाजूंनी ओवऱ्या, मधे मोठं अंगण, आणि भक्कम दरवाजा. जनावरं आणि माल अंगणात, माणसं ओवरीत. दार बंद झालं की सकाळपर्यंत आतला माल बाहेर जात नाही. सराई बांधणाऱ्याला मेंदूच्या डाव्या-उजव्या भागाची माहिती नव्हती, पण व्यापाऱ्याला झोप कशाने लागते ते पक्कं ठाऊक होतं.

अमेरिकेत हीच गोष्ट एका खुनानंतर पटली. २००९ मध्ये जेसन रिव्हनबर्ग हा चालक माल पोचवायच्या वेळेआधी पोचला, थांबायला सुरक्षित जागा नव्हती म्हणून साउथ कॅरोलायनातल्या एका बंद पडलेल्या पेट्रोल पंपावर थांबला, आणि तिथे ७ डॉलरसाठी मारला गेला. त्याच्या पत्नीने पाठपुरावा केला आणि २०१२ मध्ये ट्रकच्या पार्किंगसाठी निधी खुला करणारा ‘जेसनचा कायदा’ झाला. युरोपीय संघ तर आता ट्रकतळांना सुरक्षेनुसार कांस्य, रौप्य, सुवर्ण, प्लॅटिनम असे दर्जे देतो.

आपल्याकडे याचा साधा अवतार शक्य आहे. तळाला कुंपण, आत यायला-जायला एकच वाट, आत येताना चालकाच्या हाती बिल्ला, आणि तो परत दिल्याशिवाय अडसर उठायचा नाही. डिझेलचोरीसाठी ट्रकच्या पोटाखाली उजेड पडेल असे बुटके दिवे. उंच खांबावरचा पांढरा झोत गाडीच्या टपावर पडतो आणि टाकी अंधारातच राहते. शिवाय तो झोत झोपेचा वैरी. डोळ्याच्या पडद्यावर काही पेशी अशा आहेत की त्या चित्र पाहत नाहीत, फक्त उजेड मोजून घड्याळाला कळवतात. निळसर प्रकाशाला त्या सर्वांत जास्त बिचकतात आणि झोपेचा संकेत देणारं मेलॅटोनिन रोखतात. म्हणून तळावर पिवळसर, खाली वळवलेले दिवे बरे.

अंधाराची गरज रात्रीपेक्षा दिवसा जास्त आहे, हे तर आराखड्यांत कुठेच दिसत नाही. मुंबई-पुण्यात अवजड गाड्यांना दिवसा ठरावीक वेळी नो एंट्री असते. रात्रभर गाडी हाकून आलेला चालक सकाळी ९ ला वेशीबाहेर अडकतो, आणि हीच त्याची झोपायची वेळ. तेव्हा शरीराचं तापमान चढतीला लागलेलं असतं, झोप तशीही तुटक येते. त्याला जाड पडद्यांची काळोखी खोली पाहिजे. आणि सकाळी ११ ला ‘साफसफाई करायची आहे, उठा’ म्हणणारा माणूस नको.

गारव्याचंही असंच. झोप लागताना शरीर आतली उष्णता हातापायांच्या कातडीवाटे बाहेर सोडतं. बाहेर उकाडा असेल तर ती सुटत नाही. ढाब्यावरची सुंभाची बाज या बाबतीत पलंगाला भारी पडते, कारण पाठीखालूनही वारा खेळतो आणि घाम सुकतो. धुळे, जालना, नागपूरच्या कोरड्या मे महिन्यात वाळ्याचा कूलर झकास काम करतो. तोच कूलर पनवेल-उरणच्या दमट हवेत नुसता चिकचिकाट वाढवतो, कारण तिथल्या हवेत आणखी वाफ सामावायला जागाच नसते. तिथे एसीच लागणार. देशभर एकच नकाशा छापून चालत नाही तो यामुळे. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मध्यम आणि जड ट्रकच्या केबिनमध्ये एसी सक्तीचा झाला आहे. चालवताना त्याचा फार उपयोग आहे, पण असा एसी इंजिनावर चालतो. झोपण्यासाठी इंजिन चालू ठेवलं तर अमेरिकेतल्या मोठ्या ट्रकमध्ये तासाला साधारण ३ लिटर डिझेल जातं, आणि शेजारच्या दहा चालकांची झोपही. तिकडे काही तळांवर खांबाला विजेची आणि गार हवेची जोडणी देतात ती याचसाठी. आणि गरम पाण्याची आंघोळ ही चैन नव्हे: तिने कातडीकडे रक्त धावतं, आतली उष्णता सुटते, आणि तास-दीड तासाने डोळा लवकर लागतो. न्हाणीघर झोपेच्या खर्चात धरायला हवं.

राहिला आवाज. वाहत्या रस्त्यापासून अंतर दुप्पट केलं तर आवाज फक्त ३ डेसिबलने उतरतो, म्हणजे कानाला जेमतेम कळेल इतका. २० मीटरवरची खोली ८० मीटरवर नेली तरी ६. पण मधे मातीचा असा बांध घातला की रस्ता दिसेनासा व्हावा, तर साधारण ५ डेसिबल लगेच कमी होतात, बांध आणखी उंच केला तर त्याहून जास्त. ती माती तळ सपाट करताना निघतेच, फक्त ट्रकने दूर फेकून देण्याऐवजी रस्त्याच्या बाजूला रचायची. झोपमोड सरासरी आवाजाने होत नाही, एअरब्रेकच्या फुसकाऱ्याने आणि रिव्हर्सच्या पिपाणीने होते. तेव्हा गाडी मागे न घेता सरळ पुढे निघून जाईल अशा तिरक्या जागा आखायच्या, आणि रात्रभर घरघरणाऱ्या रेफ्रिजरेटेड कंटेनरना वेगळा कोपरा द्यायचा.

एखादा तळ चालतो की नाही, हे कळायला अहवालातल्या खाटांची संख्या पुरत नाही. पहाटे ४ ला तळाच्या अलीकडे पाच किलोमीटर आणि पलीकडे पाच किलोमीटर गाडी फिरवावी, आणि रस्त्याच्या कडेला किती फांद्या पडल्यात ते मोजावं. तळ उघडण्याआधी एकदा आणि सहा महिन्यांनी पुन्हा.