रिमास्टर आणि रिमिक्स: ‘रि’ तोच, काम निराळं

आपल्याकडे रिमिक्स म्हटलं की 2002चं ‘कांटा लगा’ आठवतं. मूळ गाणं 1972च्या ‘समाधि’तलं, चाल राहुलदेव बर्मनची, आवाज लताबाईंचा. त्यावर नवा गळा आणि नवा ठेका चढला आणि बाजाराने त्याला रिमिक्स म्हटलं. खरं तर ते नव्याने ध्वनिमुद्रित केलेलं गाणं. कॅसेटच्या जमान्यातले ‘झंकार बीट्स’ही रिमिक्स नव्हेत, तयार गाण्यावर वरून चिकटवलेला इलेक्ट्रॉनिक ठेका तो, आणि बहुतेक वेळा मूळ तबल्याशी भांडणारा. या सवयीमुळे अल्बमच्या मागे ‘रिमास्टर्ड’ किंवा ‘नवं मिक्स’ असं छापलं की दोन्ही एकच समजून पैसे मोजले जातात.

फरक एका प्रश्नात आहे: परत जाऊन नेमकी कुठली टेप उघडली?

स्टुडिओत गायक, गिटार, बास, ड्रम वेगवेगळ्या ट्रॅकवर घेतात. मग प्रत्येकाची पातळी, डावी-उजवी जागा आणि प्रतिध्वनी ठरवून सगळं दोन चॅनेलमध्ये उतरवायचं, हे मिक्सिंग. त्या दोन चॅनेलच्या टेपवर शेवटचा हात फिरवायचा, म्हणजे एकूण स्वरपट्टा सावरायचा, पातळी बांधायची, दोन गाण्यांतली शांतता मोजायची, हे मास्टरिंग. रिमिक्स करणारा सुट्या ट्रॅकपर्यंत मागे जातो. रिमास्टर करणाऱ्याच्या हातात मात्र मिसळून झालेलं असतं. वरणात विरघळलेलं मीठ जसं काढता येत नाही, तसा फक्त बास त्याला सुटा उचलता येत नाही. खालचे स्वर वाढवले की बाससोबत ड्रमचा किकही (पायाने वाजणारा मोठा ड्रम) फुगतो.

बीटल्सचा 1967चा ‘सार्जंट पेपर’ घ्या. 2009च्या प्रतीत जुनंच स्टिरिओ (डाव्या-उजव्या बाजूला वेगळा आवाज देणारं) मिक्स साफ करून दिलंय, तो रिमास्टर. 2017ला निर्माता जाइल्स मार्टिनने मूळ चार-ट्रॅक टेपांपासून पुन्हा मिक्स केलं, तो रिमिक्स. त्यातलं ‘शीज लीव्हिंग होम’ हे गाणं दोन्हीकडे लावून बघा. 1967मध्ये मोनो (दोन्ही बाजूंना एकच आवाज असलेल्या) मिक्सला टेप थोडी वेगाने फिरवली होती, त्यामुळे गाणं जवळजवळ अर्धा स्वर वर आहे. स्टिरिओत ते खाली आणि रेंगाळणारं. 2017च्या मिक्सने मोनोचा वेग घेतला. हार्मोनियमवर पहिला सूर धरलात तरी प्रत ओळखता येईल. आमचं स्पष्ट मत: या अल्बमचं नवं मिक्स घ्यावं. जुनं स्टिरिओ मिक्स घाईत झालं होतं, बीटल्सचं सगळं लक्ष मोनोवर होतं.

पण प्रत्येक रिमिक्स असा नसतो. झीझी टॉप या टेक्सासच्या बँडचे सत्तरीतले अल्बम 1987च्या संचात इलेक्ट्रॉनिक ड्रम आणि भरमसाट प्रतिध्वनी घालून आले, आणि कित्येक वर्षं सीडीवर तेच मिळत राहिले. टेक्सासच्या धुळकट ब्लूजला पत्र्याच्या शेडमध्ये नेऊन बसवलं. रॉक गायक इगी पॉपने 1997ला आपला ‘रॉ पॉवर’ पुन्हा मिक्स केला तो इतका कर्कश की दुसऱ्या गाण्यापर्यंत कान थकतात. 1973चं डेव्हिड बोवीचं मिक्स किरकिरं आणि पातळ आहे, तरी अल्बम म्हणून तेच ऐकावं.

रिमास्टर कधी निरुपयोगी ठरतो, हे रश या रॉक बँडच्या ‘व्हेपर ट्रेल्स’वरून कळतं. 2002चा हा अल्बम इतक्या दाबून भरलेल्या पातळीचा होता की आवाज फाटायचा, आणि बिघाड मिक्समध्येच शिरलेला. तिथे वरून कितीही हात फिरवून काय होणार? शेवटी 2013ला डेव्हिड बॉट्रिलकडून पूर्ण रिमिक्स करून घ्यावं लागलं.

जुन्या भावगीतांना आणि बहुतेक जुन्या हिंदी गाण्यांना हा मार्गच नाही. वादक-गायक एकत्र उभे, मोनोत एका दमात मुद्रण. सुटे ट्रॅक नाहीतच. म्हणून तिथे प्रामाणिक काम म्हणजे रिमास्टर, आणि त्यात घात होतो खरखर काढताना. आवाज साफ करणारं सॉफ्टवेअर सतत चालणाऱ्या एकसारख्या आवाजाला कचरा समजतं. तानपुरा नेमका तसाच! खरखरीबरोबर तानपुऱ्याचे वरचे स्वर जातात, गायिकेचे ‘स’ आणि ‘श’ बोथट होतात, आणि आवाज पाण्याखालून आल्यासारखा वाटतो. थोडी खरखर राहिलेली प्रत केव्हाही बरी. (मिसळलेला आवाज संगणकाने सुटा करण्याचं तंत्र आता आलंय, बीटल्सच्या ‘रिव्हॉल्व्हर’चं 2022चं मिक्स त्यावरच झालं. पण त्याच्या खुणाही कानाला कळतात.)

घरी तपासायचं असेल तर दोन्ही प्रती ऑडॅसिटी या फुकट मिळणाऱ्या ध्वनी-सॉफ्टवेअरमध्ये उघडा. आधी ‘लाउडनेस नॉर्मलायझेशन’ने दोन्ही एकाच पातळीला आणा, -18 एलयूएफएस (कानाला जाणवणारा जोर मोजायचं एकक) पुरे. ही पायरी वगळू नका. जरा मोठा आवाज कानाला नेहमीच ‘चांगला’ वाटतो, आणि निम्मे रिमास्टर याच जोरावर विकले गेलेत. मग हेडफोन लावून एकेक कान ऐका. गायक डावीकडून मध्ये सरकला, ड्रमची जागा बदलली किंवा शेवटी विरताना जास्तीच्या ओळी ऐकू आल्या, तर रिमिक्स. जागा त्याच आणि फक्त उजळपणा किंवा जोर बदललाय, तर रिमास्टर. पडद्यावर आवाजाच्या लहरीचा आकार विटेसारखा सपाट दिसला तर नुसती पातळी चढवलीय. ती प्रत सोडून द्या.

सिनेमात हीच गफलत ‘रिस्टोअर्ड’ आणि ‘डायरेक्टर्स कट’मध्ये होते. रिस्टोरेशन म्हणजे त्याच संकलनाची निगेटिव्ह साफ करणं. तिथलं पाप म्हणजे फिल्मचा दाणा (चित्रातली बारीक कणकण) पुसून चेहरे मेणाचे करणं; 2024ला आलेल्या ‘एलियन्स’च्या फोरके (जास्त बारकावे दाखवणाऱ्या) प्रतीवर हाच राग निघाला. डायरेक्टर्स कट मात्र कात्री परत चालवतो. ‘ब्लेड रनर’च्या बाबतीत मिनिटं मोजून काही कळत नाही, लांबी जवळपास तीच आहे. नायकाचं पार्श्वनिवेदन ऐकू आलं तर प्रत 1982ची. निवेदन नाही आणि मध्येच शिंगवाला पांढरा घोडा धावला, तर 1992ची किंवा 2007ची.