बकथॉर्न: एक नाव, दोन झुडपं आणि कळीचा मुद्दा

उत्तर अमेरिकेत ‘बकथॉर्न माजलंय’ असं म्हणतात तेव्हा युरोपातून आलेली दोन निराळी झुडपं एकाच नावाखाली येतात. दोन्ही बोरीच्या कुळातली. (सी-बकथॉर्नचा इथे संबंध नाही; त्याचं कूळच वेगळं.)

नावांचा गुंता जुना आहे. १७५३ साली दोघांनाही ऱ्हॅम्नस प्रजातीत (जीनस) बसवलं गेलं: एक ऱ्हॅम्नस कॅथार्टिका, दुसरं ऱ्हॅम्नस फ्रँग्युला. १७६८ साली दुसऱ्याला फ्रँग्युला आल्नस हे नाव मिळालं, तरी जुनं नाव सुटलं नाही. त्यामुळे याद्यांमध्ये एकच झुडूप दोन नावांनी सापडतं. त्यात भर म्हणजे ऱ्हॅम्नस आल्निफोलिया हे तिथलं मूळचं, जेमतेम कमरेएवढं, बिनकाट्याचं झुडूप. नाव जवळचं, जागाही तीच, म्हणजे पाणथळ. फ्रँग्युला समजून नेमकं हेच उपटलं जाण्याचा धोका असतो.

ओळखताना काट्यावर नको तितका भर दिला जातो. कॅथार्टिकाच्या डहाळीच्या टोकाला काटा असतो, पण प्रत्येक डहाळीला नाही. खरा निवाडा डहाळीवरच्या हिवाळी कळीवर होतो. फ्रँग्युलाची कळी उघडी, तपकिरी लव असलेली. कॅथार्टिका आणि आल्निफोलिया दोघांचीही खवल्यांनी झाकलेली. पानं असतील तर कडा पाहा. फ्रँग्युलाची कड सपाट, बाकी दोघांची बारीक दातेरी. कॅथार्टिकाच्या पानात शिरांच्या ३ ते ५ जोड्या टोकाकडे वळतात आणि पानं एकाच फांदीवर कुठे समोरासमोर, कुठे थोडी मागेपुढे येतात. फुलाच्या पाकळ्या त्याला ४, फ्रँग्युलाला ५. साल खरवडून नारिंगी-पिवळा थर शोधण्याची युक्ती चेरी वेगळी काढायला ठीक आहे. या दोघांमध्ये भेद करायला तिचा उपयोग नाही.

दोन्ही झुडपं आली मुख्यतः कुंपणासाठी. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात कॅथार्टिका १९व्या शतकाच्या मध्यास पोहोचलं आणि १९३० च्या दशकात रोपवाटिकांनी ते विकणं थांबवलं. फ्रँग्युलाचे वाण मात्र पुढेही खपत राहिले. सरळ उंच वाढणारं ‘टॉलहेज’ त्यातलंच. २००० साली सोयाबीनवरचा मावा त्या खंडात पहिल्यांदा आढळला. त्याची अंडी हिवाळा काढतात ती मुख्यतः कॅथार्टिकावर, आणि मग शेतकऱ्यांनाही या झुडपाची दखल घ्यावी लागली.

वाद अजून आहे तो काही वाणांना निर्बंधांतून सूट देण्यावरून. विस्कॉन्सिन राज्याच्या नियमांत ‘टॉलहेज’वर निर्बंध आहेत, पण ‘ॲस्प्लेनिफोलिया’ आणि ‘फाइन लाइन’ हे अरुंद पानांचे वाण वगळले आहेत. त्यांना फळं फार कमी धरतात, हा युक्तिवाद. पक्षी बिया दूर नेतात, हे लक्षात घेता सवलत जरा सैलच म्हणायला हवी. शिवाय रोप रानात उगवल्यावर ते कुठल्या वाणाचं, हे सांगणार कसं? ‘ॲस्प्लेनिफोलिया’चं अरुंद पान बियांच्या रोपांत उतरेलच असं नाही.