मिरवायची खरेदी (मराठवाडा)

मिरवायची खरेदी म्हणजे वस्तू वापरायला कमी अन् चारचौघांनी बघायला जास्त घेणं. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ थॉर्स्टीन व्हेब्लेन यांनी 1899 साली या वागण्याला नाव दिलं, आणि भाव वाढला की ज्यांची मागणी घटायच्या ऐवजी वाढते अशा वस्तूंना आजही व्हेब्लेन वस्तू म्हणतात. आपल्याकडे भपका, बडेजाव, मोठेपणा असे शब्द आधीपासून आहेतच, पण ते सगळे नावं ठेवायचे शब्द आहेत, त्यामुळे माणूस असं का करतो हा प्रश्न बाजूलाच राहतो. मराठवाड्यात हे समजून घ्यायचं तर आधी विचारायचं, ही वस्तू बघणार कोण?

सगळ्यात गाजलेलं उदाहरण ऑक्टोबर 2010 चं. औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, उद्योजक, डॉक्टर, बिल्डर मंडळींनी गट करून एकदम 150 मर्सिडीज घेतल्या, एकूण रक्कम 65 कोटींच्या आसपास. त्यातला मोठा हिस्सा सरकारी बँकेच्या कर्जाचा होता, व्याज 7 टक्क्यांच्या जवळपास, आणि त्याच काळात ट्रॅक्टर घेणाऱ्या शेतकऱ्याला मात्र त्याहून बरंच जास्त व्याज पडत होतं, म्हणून टीका झाली आणि ती रास्तच होती. पण मनाच्या बाजूने बघितलं तर वेगळीच गोष्ट दिसते. हार्वी लायबेन्स्टाइन या अर्थशास्त्रज्ञाने 1950 साली मागणीचे तीन परिणाम सांगितले: दुसऱ्याने घेतलं म्हणून आपणही घेणं, सगळ्यांकडे झालं म्हणून आपण टाळणं, आणि महाग आहे म्हणूनच घेणं. यातल्या दुसऱ्या हिशोबाने एकाच गावात दीडशे जणांकडे तीच गाडी आली की तिचा रुबाब उतरायला पाहिजे. इथं तो चढला, कारण बघणारा शेजारी नव्हताच, बघणारे मुंबई-पुण्याचे होते. ज्या भागाचं नाव निघालं की लोक दुष्काळ अन् मागासलेपण एवढंच बोलतात तिथल्या माणसांना आम्हालाही धरा हिशोबात असं सांगायचं होतं, आणि शहराचं नाव बाहेर गाजावं हा हेतू तेव्हा उघडपणे बोलूनही दाखवला गेला. एकट्याच्या गाडीने ती बातमी झाली नसती.

डेरेक रकर आणि अ‍ॅडम गॅलिन्स्की यांच्या 2008 च्या प्रयोगांत हेच दिसलं. ज्यांना थोडा वेळ आपल्या हातात काही नाही असं वाटायला लावलं ते लोक प्रतिष्ठेच्या वस्तूला जास्त पैसे मोजायला तयार झाले, साध्या वस्तूला नाही. कापसाचा भाव पडलेल्या वर्षीही पोरीच्या लग्नात मानपान कमी करायला बाप का तयार होत नाही, त्याला उधळ्या म्हणून मोकळं होण्याआधी हा प्रयोग आठवावा असं मला मनापासून वाटतं.

दुकानाची वागणूक हा वेगळाच विषय. मॉर्गन वॉर्ड आणि डॅरेन डाल यांनी 2014 साली दाखवलं की ज्या महागड्या ब्रँडची मनात ओढ असते तिथल्या विक्रेत्याने तुसडेपणा केला तर गिऱ्हाईक निघून जायच्या ऐवजी त्याला ती वस्तू आणखी हवीशी वाटू शकते. माझे वडील एकदा पुण्यातल्या एका मोठ्या शोरूममध्ये घड्याळ बघायला गेले, तिथल्या विक्रेत्या पोराने आधी त्यांच्या चपलेकडे बघितलं मग तोंडाकडे, आणि काचेतलं घड्याळ बाहेर काढलंच नाही. वडिलांनी दोन हजाराचं बघायला जाऊन बारा हजाराचं घेतलं. ते आजही फक्त लग्नाकार्यात बाहेर निघतं.

किंमत जिभेलाही फसवते, हे 2008 च्या वाईनच्या प्रयोगात दिसलं: एकच वाईन 10 डॉलरची आणि 90 डॉलरची सांगून पाजली तर 90 वाली लोकांना जास्त आवडली आणि मेंदूतला सुखाशी जोडलेला भागही जास्त जागा झाला, म्हणजे लोक खोटं बोलत नव्हते, त्यांना खरंच चांगली लागत होती.

आता नकलेचं बघू. लुई व्हिटाँ या महागड्या फ्रेंच ब्रँडच्या पिशव्यांवरची अक्षरांची नक्षी 1896 साली नक्कल थांबवायलाच काढलेली, आणि आज ‘फर्स्ट कॉपी’ म्हणून तीच नक्षी तालुक्याच्या बाजारातही मिळते. जी खूण लांबून ओळखू येते तीच उचलायला सोपी. 2010 च्या एका अभ्यासात हँडबॅग आणि मर्सिडीज दोन्हीत आढळलं की वस्तू जितकी महाग तितका लोगो सहसा लहान, कारण वरच्या थरातल्या लोकांना फक्त जाणकाराने ओळखलं तरी पुरतं.

या जाणकारीत पैठणी फार जुनी आहे. गोदाकाठचं पैठण म्हणजे सातवाहनांचं प्रतिष्ठान, तिथल्या या साडीला 2010 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. अस्सल हातमागाच्या पदरावर रंगीत धागे एकमेकांत अडकवून नक्षी विणतात, म्हणून बांगडी मोराच्या गोलातले मोर सुलट्या बाजूला जसे दिसतात तसेच उलट्या बाजूलाही, आणि एका साडीला कित्येक आठवडे ते कित्येक महिने लागतात. यंत्रमागावर नक्षीचे धागे मागच्या बाजूने सैल ओढलेले राहतात किंवा कापलेले असतात. समोरून फोटोत दोन्ही सारख्याच.

मांडवात मात्र फोटो चालत नाही. आमची मोठी मावशी पंगतीत शेजारी बसलेल्या बाईला आधी ‘किती छान रंग आहे गं’ म्हणते, मग पदराचं टोक दोन बोटांत धरून हळूच उलटं करते, अंगठा मोरावरून फिरवते आणि धागा बोटाला अडकतो का बघते. अडकला तर काही बोलत नाही, पदर नीट खांद्यावर ठेवून देते. नाही अडकला तर विचारते, ‘पैठणहून आणली का?’